मानाचा 'आर'

आमच्या पाचवीच्या मास्तरला मी इथं 'तो' म्हणणार आहे. मास्तर म्हटलं की 'ते आले', 'ते म्हणाले' असं लहानपणापासून तोंडात बसलेलं आहे, त्यामुळे लिहिताना हात घसरेल. घसरला तर खोडीन. हा काही मोठा सूड नव्हे, हे मला कळतं. माणूस कधीच मेला. पण कुणाला 'आहे' म्हणायचं आणि कुणाला 'आहेत', हे ज्यानं आम्हाला छडी हातात घेऊन शिकवलं, त्याचं क्रियापद तरी मी माझ्या मर्जीनं ठरवणार.

आधी त्याच्या नाकाबद्दल सांगते, कारण मला अजून तेच पहिल्यांदा आठवतं. तो तपकीर ओढायचा. डबीतली चिमूट नाकात कोंबायची, डोळे मिटायचे, आणि मग शिंक येईपर्यंत वर्गानं गप्प बसायचं. शिंकून झालं की नाकाच्या टोकाशी एक तपकिरी थेंब लोंबत राहायचा. तो पडणार कधी आणि कुणाच्या वहीवर, याच्यावर आमचं सगळं लक्ष. बोटं धोतराच्या सोग्याला पुसून तो वह्या तपासायचा. माझ्या वहीच्या पानापानावर त्याचे ते डाग होते. भाकरी खाताना मला ते आठवायचे आणि घास तोंडात फिरायचा.

आणि हाच माणूस विटाळ मानायचा.

आमचं गाव पौडजवळच्या रिह्याच्या खोऱ्यातलं. दोन खोल्यांची कौलारू शाळा, सातवीपर्यंत. साठ सालानंतरचे दिवस. पाचवीला इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. मास्तर बाहेरगावचा. पुण्याला दहा दिवस कसलंसं शिबिर करून आला होता आणि तेवढ्या शिदोरीवर त्याला आम्हाला इंग्रजी शिकवायचं होतं. राहायला आमच्याच घरी, ओसरीच्या बाजूच्या खोलीत. भाडं नाही. जेवायला दोन्ही वेळचा आंबेमोहर भात आमच्या चुलीवरचा. माझे वडील, म्हणजे आबा, गावातले मोठे खातेदार आणि शाळा समितीवर. हे सगळं सांगायचं कारण पुढं येईल.

इंग्रजीची अक्षरं संपली आणि क्रियापद आलं. त्यानं फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मी आहे, ॲम. आहे, इज. आहेत, आर. मग छडी फळ्यावर आपटून म्हणाला, "मराठीतलं वाक्य मनात म्हणायचं. शेवटी 'आहे' आलं तर इज, 'आहेत' आलं तर आर. म्हणजे एकापेक्षा जास्त असतील तर आर, आणि मान द्यायचा असेल तिथंही आर. गडी आहे, इज. आबा आहेत, आर. समजलं?"

न समजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. उलट आम्ही हरखून गेलो. इंग्रजी इतकं सोपं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. घरी जाताना वाटेवर आम्ही सगळं गाव वाटून टाकलं. सरपंच आर. तलाठी आर. न्हावी इज. चुलते आर, त्यांचा गडी इज. देवळापाशी आलो तेव्हा घोटाळा झाला, कारण मारुती 'आहे', म्हणजे मारुती इज. माझे चुलते आर आणि मारुती इज, हे काही बरं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर मास्तर म्हणाला, "देव आपला असतो, म्हणून एकेरी." पटलं. त्या वयात काहीही पटतं.

आईपाशी मी चुलीसमोर बसून वाक्यं म्हणून दाखवली. आबांचं आर ऐकून ती हसली. मग फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "आन मला काय लावलंस?"

"आई हाय. म्हंजी इज."

"आन गड्याला?"

"त्याला बी इज."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि फुंकणी उचलून पुन्हा जाळ फुंकायला लागली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते.

आता तिच्याबद्दल. ती म्हणजे वर्गातली दुसरी मुलगी. पाचवीत आम्ही दोघीच, बाकी सगळे मुलगे. तिचं घर ओढ्याच्या पलीकडं. त्या वस्तीला गावात जातीचं नाव होतं, ते मी लिहीत नाही; कळायचं त्याला कळलं असेल. ती दाराशेजारी बसायची. तिथं बस असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, पण दुसरीकडं कुठं बसली असती तर काय झालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही.

तिचे वडील मैलकुली होते. पौडच्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडं. खड्ड्यात खडी भरायची, कडेची गटारं उपसायची, पावसाळ्यात दरड खाली आली की माती ओढायची. अंगात खाकी सदरा आणि त्यावर पितळी बिल्ला. आमच्या गावात सरकारी पगार खाणारे तलाठी, मास्तर आणि ते, एवढेच. पण शेंबडं पोरही त्यांना 'ए' म्हणून हाक मारायचं. मीही मारायचे. दहा वर्षांची मी, आणि पिकल्या मिशांच्या माणसाला, "ए, आमची म्हैस दिसली का रं?" आणि ते हातातलं फावडं थांबवून नीट सांगायचे, "व्हय, वढ्याच्या अंगाला गेली बगा बाई."

मला 'बाई' आणि 'बगा'. त्यांना 'रं'. लिहिताना हात बरबटल्यासारखा वाटतो.

मास्तरनं बापावर एक वाक्य लिहायला सांगितलं, त्या दिवशी तिनं विचारलं, "गुर्जी, मैलकुलीला विंग्रजीत काय म्हनत्यात?"

तो हसला. "अगं, ते इंग्रजीच आहे. माइल आणि कुली."

तिचा चेहरा उजळला. आपल्या बापाचं काम इंग्रजीत आहे, हे तिला नवीन होतं. माझ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, "तुज्या आबाला फार्मर पाठ कराय लागतं. माज्या बाला करायच न्हाई लागत." मग तिनं वाक्य लिहिलं. 'माय फादर आर अ माइल कुली.'

वह्या तपासायला मास्तर आमच्या हातातल्या वह्या घ्यायचा. तिची घ्यायचा नाही. ती वही जमिनीवर ठेवायची, मागं सरायची, आणि हा उभ्यानंच छडीच्या टोकानं पान उलटायचा. बोटांना शेंबूड चालायचा, तिची वही चालायची नाही. तर त्यानं छडीचं टोक त्या 'आर'वर टेकवलं.

"हे काय?"

"आर, गुर्जी."

"आर कशाला?"

"मान द्यायचा तितं आर. तुमीच सांगितलं."

त्यानं वर्गाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "तू सांग. हिचा बाप रस्त्यावर असला, तर तुझ्या घरी काय म्हणतात? आहे, की आहेत?"

मी उभी राहिले. खरं उत्तर मला येत होतं, आणि विचारलेलं येत असलं की मला फार आनंद व्हायचा. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "हाय."

वर्ग हसला. मास्तरही हसला आणि हसता हसता त्याचा तो थेंब पडला, माझ्याच पाटीवर. "ऐकलंस? आहे. म्हणजे इज. खोड तो आर."

तिनं खोडलं नाही. तो छडीचं टोक त्या शब्दावर दाबत राहिला, कागदाला भोक पडेस्तोवर. शेवटी तिनं दौतीत टाक बुडवून स्वतःच्या हातानं 'आर'वर रेघ मारली आणि वर 'इज' लिहिलं. माझ्याकडं एकदा पाहिलं. रडली वगैरे नाही. मी पाटी पुसायला फडकं शोधत होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले आहे. फडकं माझ्या मांडीवरच होतं.

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दोन आठवड्यांनी पुस्तकात एक धडा आला. एक मुलगा हातात चेंडू घेऊन उभा, खाली लिहिलेलं: 'यू आर अ बॉय.' मास्तर वाचत पुढं गेला. ती दारापाशी उभी राहिली.

"गुर्जी, पोराला आर कसं?"

"यू म्हणजे तुम्ही. तुम्हीला आर."

"मंग 'तू'ला काय?"

इथं त्याचं शिबिर संपलं होतं. "तूलाही यूच."

"म्हंजी तूला बी आर?"

"हो. बस खाली."

ती बसली नाही. "मंग माज्या बाला तोंडावर म्हनायचं तर आर, आन मागारी म्हनायचं तर इज. असं का?"

मी पुढं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण क्रियापदावर इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. त्यानं उत्तर म्हणून डस्टर फेकून मारलं. हातानं मारलं असतं तर शिवाशिव झाली असती ना. डस्टर तिच्या खांद्याला लागून दाराबाहेर गेलं. ते उचलून आणायला त्यानं एका मुलाला पाठवलं आणि परत आल्यावर त्यावर पाणी शिंपडलं. लाकडाच्या तुकड्याला अंघोळ. हे पाहून मला ओकारी आली, असं मी म्हणू शकले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. ओकारी आता येते.

परीक्षेच्या आधी शाळा तपासायला साहेब आला. गावात त्याला दिपोटी म्हणत. आमच्या घरी सकाळपासून कोंबडी शिजत होती. मास्तरनं कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, नाक पुसून लाल केलं होतं. आबा समितीतर्फे खुर्ची टाकून वर्गात बसले. साहेबानं इंग्रजीचं नाव काढताच मास्तर पुढं सरसावून म्हणाला, "मुलांनी वडिलांविषयी वाक्य लिहून दाखवावं." सगळ्यात पक्कं बसवलेलं तेच होतं.

आम्ही लिहिलं. साहेब रांगेतनं फिरायला लागला. पहिल्या वहीवर लाल फुली. दुसरीवर फुली. माझ्या 'माय फादर आर अ फार्मर'वर फुली. सगळ्या वर्गभर फुल्याच फुल्या. दाराशी पोचल्यावर त्यानं वाकून तिची वही उचलली, चांगली दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "शाबास. एवढी एकच बरोबर."

मास्तरचा चेहरा पडला. साहेब फळ्यापाशी गेला. "बाप एक असतो. एकाला इज. इंग्रजीत मान क्रियापदात नसतो. राजा असला तरी इज." मग तिच्याकडं वळून कौतुकानं विचारलं, "तुला कसं आलं गं?"

ती उभी राहिली. तिच्या कपाळाला आठी होती. शाबासकी कशाची हेच तिला समजत नव्हतं. म्हणाली, "मला न्हाई आलं. गुर्जी म्हनले, माज्या बाला आर लागत न्हाई."

साहेबाला कळलं. चांगलं कळलं. त्यानं मास्तरकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या आबांकडं, मग हातातल्या तिच्या वहीकडं. त्या पानावर छडीचं भोक नव्हतं, पण वही चाळली असती तर सापडलं असतं. त्यानं चाळली नाही. वही तिच्या पुढ्यात ठेवली आणि घड्याळ पाहिलं. दुपारी आमच्या ओसरीवर बसून त्यानं तीनदा रस्सा मागून घेतला. शेरेबुकात लिहिलं, 'इंग्रजी समाधानकारक.' मास्तरबद्दल मला राग आहे. या माणसाबद्दल नुसती किळस आहे, कारण याला सगळं येत होतं.

ती मात्र त्या दुपारी माझ्यामागं ओढ्यापर्यंत आली. तिला मघाचं आता कुठं पूर्ण उमगलं होतं. "म्हंजी तुज्या आबाला बी इजच?"

"न्हाई."

"सायेब म्हनला की. राजाला बी इज." ती हसत होती. बापाचा आर गेला, याचं तिला काहीच वाईट राहिलं नव्हतं. सगळ्यांचाच गेला होता. "समद्यास्नी येकच."

"माज्या आबांना इज म्हनायचं न्हाई," मी ओरडले. वाळू उचलून तिच्या अंगावर फेकली. मग तीही हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मास्तरनं 'माय फादर इज' दहा वेळा लिहायला लावलं. माझा हात चालेना. दहाही वेळा मी आर लिहिलं. संध्याकाळी आबांनी माझी वही मागितली, शेजारच्याच्या मुलाची मागितली, आणि मास्तरला खोलीतनं बाहेर बोलावलं.

"मला आन त्या मैलकुल्याला येकच शबूद?"

"आबा, भाषाच तशी आहे. साहेब म्हणाले..."

"सायेब गेला. तुमी हितं जेवताय."

मास्तरनं आठवडाभर विचार केला असावा. कारण पुढच्या सोमवारी त्यानं जाहीर केलं की परीक्षेला आता वडिलांविषयी वाक्यं नाहीत, गाईविषयी आहेत. आमच्या शाळेत त्या वर्षापुरता बाप अभ्यासातून गेला आणि गाय आली. 'द काउ इज', 'द काउ हॅज'. गाईला इज लागतो, याबद्दल गावात कुणाचीही तक्रार नव्हती.

माझ्या वहीतले दहा आर पाहून आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. त्यांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक. बघा, मास्तरला 'तो' म्हणेन म्हणून इतक्या ताठ्यात सुरुवात केली, आणि आबांना इथवर 'ते'च लिहीत आले आहे. खोडायला गेले तर हात वळत नाही.

परीक्षा झाली, ती पहिली आली, मी तिसरी. उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी मी आबांबरोबर बैलगाडीतनं पौडला निघाले होते. वळणावर रस्त्याचं काम चाललेलं. तिचे वडील खडी पसरत होते. ती त्यांची भाकरी घेऊन आलेली, फडकं हातात तसंच.

"ए, बाजूला व्हय की रं," आबा म्हणाले.

ते घमेलं घेऊन गटाराच्या कडेला उतरले. ती उतरली नाही. चाकाला वाट राहील इतकीच सरकली. आबांनी खडीवरून न्यायला बैल हळू केले, तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. वाळू फेकल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. तिनं बापाकडं बोट केलं आणि शाळेत म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "ही इज माय फादर." मग बोट आबांकडं वळवलं. "ही इज युवर फादर."

तिला भांडायचं नव्हतं. तिला वाटत होतं, वर्गातल्या दोघी मुली आहोत, मला कळेल. मला कळलंच.

"ही कोन?" आबांनी विचारलं. "हितं बाईमानूस कुटं हाय? काय म्हनली गं ती?"

मी आबांकडं पाहिलं. त्यांच्या हातातला आसूड मांडीवर आडवा होता. मारणार नव्हते, नुसते विचारत होते. आणि विचारलेलं मला येत होतं.

"ती म्हनली, ह्यो माजा बा हाय."

"आन?"

"आन हे तुजे आबा हायेत."

आबांनी मान हलवली. "मंग बरुबर हाय की," म्हणाले, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

ती गाडीपासून दोन हातांवर उभी होती. मराठी तिला माझ्याइतकीच येत होती.